शांत खोलीतली दोन माणसं

दिवे गेले, तशी ती अंधारात दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवू लागली... आणि नेमका तेव्हाच तो दार उघडून आत आला.

"मी... नंतर येऊ का?"

"नको, आत्ताच या! आणि तुम्हीही हात हलवा."

त्याने निमूटपणे हात हलवले. लख्खकन दिवे लागले. काचेपलीकडे कानांना हेडफोन लावून बसलेल्या आजोबांना वाटलं, आपल्यालाही काहीतरी सांगितलंय. त्यांनीही दोन्ही हात वर केले. ती खुदकन हसली. तो मात्र हसू दाबायच्या नादात लाल झाला.

ती कान तपासायची, लहानांचे आणि म्हाताऱ्यांचेही. महिन्यापूर्वीच तिचा दवाखाना या नव्या इमारतीत आला होता. इमारतीचं कौतुक गावभर. ऊन चढलं की पडदे आपोआप उतरायचे, हवा कोंदली की खिडक्या उघडायच्या, गच्चीवरच्या झाडांना साठवलेलं पावसाचं पाणी मिळायचं. रिकाम्या खोलीतले दिवे तर इमारत स्वतःच मालवायची. घोडं अडलं होतं ते इथेच. कान तपासताना माणसाला पुतळ्यासारखं बसावं लागतं, आणि इमारतीला वाटायचं खोलीत कोणीच नाही. आजची ही तिसरी खेप होती.

आणि तो? तो या इमारतीचा इंजिनिअर. उंच, किडकिडीत, खिशात कायम पेचकस. बोलणं ऐकताना मान किंचित वळवून उजवीकडून ऐकायची सवय. तिची तक्रार वाचून तो वर आला होता.

"इमारत हुशार आहे हो," तो ओशाळून म्हणाला, "पण तिला फक्त हालचाल कळते."

"मग हुशार कसली? गप्प बसलेलं माणूस तिच्या लेखी नाहीच!"

हे त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी तो हातात एक पांढरी डबी घेऊन हजर.

"माणूस खोलीत असला की श्वासाने तिथली हवा बदलते. ही डबी ते ओळखेल. फक्त आधी तिला शिकवावं लागेल. कोणीतरी न हलता, न बोलता अर्धा तास बसायचं."

"कोणीतरी म्हणजे?"

"म्हणजे... आपणच."

मग ते बसू लागले. रोज दुपारी, शेवटचा पेशंट गेल्यावर. समोरासमोर दोन खुर्च्या, आवाज बाहेरच अडवणाऱ्या जाड भिंती, आणि त्याच्या मांडीवर आकडे दाखवणारा लॅपटॉप. बोलायचं नाही, हलायचं नाही. अशा वेळी डोळ्यांनी जायचं तरी कुठे? तिचे त्याच्या शर्टाच्या चुकीच्या काजात अडकवलेल्या बटणावर गेले. त्याचे तिच्या कपाळावर उतरलेल्या बटेवर... आणि तिथेच राहिले.

चौथ्या दिवशी तो लॅपटॉपकडे पाहत पुटपुटला, "आज एका माणसाचा श्वास जरा जास्त भरभर होतोय."

"कोणाचा?"

"डबीला तेवढं कळत नाही."

"आणि तुम्हाला?"

त्याने मान लॅपटॉपमध्ये खुपसली. पण आकडे आणखी वर गेले.

"दोन दिव्यांसाठी इतके दिवस?" बाहेर पेशंटची नावं लिहून घेणाऱ्या ताई एकदा म्हणाल्याच. "अहो, विहीर खणताय की काय आत?" ताई तिच्या सख्ख्या मोठ्या बहिणीसारख्या. त्यांच्यापासून काय लपणार!

पंधराव्या दिवशी दिवे एकदाही गेले नाहीत. ती टाळ्या वाजवत उठली, तर तो खाली मान घालून वायरी गुंडाळत होता.

"महिनाअखेरीस मी चाललोय. दुसऱ्या शहरात, मुख्य कार्यालयात. टेबलावरचं काम आहे."

टाळ्या वाजवणारे तिचे हात थांबले. "पण तुम्हाला तर ही इमारत कायमची सांभाळायला देत होते ना? ताई सांगत होत्या."

"देत होते." त्याने वायरीला गाठ मारली. "मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो. मी कानाने ओळखतो ते. म्हणजे... ओळखायचो. परवा पंखा दिवसभर कुरकुरत होता म्हणे. सगळ्यांना ऐकू आलं, मला नाही."

मग तिने समोरची खुर्ची पुढे ओढली. "बसा."

"कशाला?"

"मी काय भाजी विकते का इथे? बसा म्हटलं ना!"

तपासणी झाली. कागदावर डाव्या कानाची रेघ उतरत गेली होती. मशिनांच्या खोलीत कान न झाकता काढलेली आठ वर्षं त्या रेघेत दिसत होती. तिने काही लपवलं नाही. "गेलेलं परत येणार नाही. पण श्रवणयंत्राने बारीक आवाज पुन्हा ऐकू येतील. उरलेलं मात्र जपायचं, रोज कान झाकून."

"यंत्र लावलेला इंजिनिअर?"

"का? इमारतीला डबी बसवलीत तेव्हा लाज वाटली होती का?"

तो कितीतरी दिवसांनी मनापासून हसला.

आठवड्याने यंत्र आलं. तिने ते त्याच्या कानामागे अलगद बसवलं. बोटं कानाला लागली, तसा तो श्वास घ्यायचाच विसरला.

"आता मी शब्द म्हणेन, तुम्ही तसाच परत म्हणायचा. ओठ बघून ओळखायचं नाही." असं म्हणून तिने तोंडासमोर शब्दांच्या यादीचा कागद धरला. बरंच झालं. चेहरा केव्हाचा तापला होता.

"खुर्ची," ती हळूच म्हणाली.

"खुर्ची."

"लिंबू."

"लिंबू. अहो... किती स्पष्ट येतंय!"

"मधे बोलायचं नाही. सकाळ."

"सकाळ."

"पाऊल."

"पाऊल."

पुढचा शब्द यादीत नव्हता. तिने तो अगदी खालच्या आवाजात म्हटला, जेमतेम ऐकू जाईल इतका.

"थांब."

तो शब्द परत आला नाही. ऐकू आलं नाही की काय? की आलं, आणि... तिने डोळे मिटून घेतले. कागद कोणीतरी हळूच खाली ओढला. तो खुर्चीतून उठून अगदी समोर उभा होता.

"हा शब्द परत नाही म्हणणार," तो म्हणाला. "याचं उत्तर देतो. थांबतो."