वाघदरीच्या सात उतरंडी

"पोट खाली, पाठ वर! दगडाला उताणा पाडायचा नाय, पोरी. तो जमिनीवर जसा निजला होता, तसाच निजवायचा."

वाघदरीला दगड रचणाऱ्या म्हाताऱ्या बुधाआजाचा हा आवाज मालूने ऐकला, तेव्हा ती पाच वर्षांची होती. जव्हारला तेव्हा राजाचं राज्य होतं आणि मालूचे वडील, अण्णा, संस्थानच्या कचेरीत कारकून होते. आता बुधाआजा नव्हता. संस्थान विलीन होऊनही पाच-सहा वर्षं झाली होती, आणि अण्णांची बदली मोखाड्याच्या कचेरीत झाली होती. पण वाघदरीच्या वळणावर आलं, की तो आवाज मालूच्या कानाशी यायचाच. गवतातून वारा यावा, तसा.

"हलू नकोस, पोश्या! तू हललास की फोटो गेलाच!"

"मी कुठं हलतो? माशी हलवते मला!"

"मग माशीला सांग, एका रोलात आठच फोटो असतात म्हणून!"

पोश्याची धाकटी बहीण चैती खदखदून हसली. दिवाळीच्या सुट्टीचा तिसरा दिवस होता. दोन्ही बाजूंचं गवत सोन्यासारखं पिकलं होतं, आणि पार पश्चिमेला, सगळ्या डोंगरांच्या पलीकडे, समुद्राची बारीकशी रेघ चमकत होती. नाशिकच्या मामाने दिलेला बॉक्स कॅमेरा पोटाशी धरून मालू सपाट कातळावर उभी होती. तिला वाघदरीच्या उतरंडींचा फोटो काढायचा होता.

उतरंडी म्हणजे दगडांच्या चळती. घरात मडक्यांची उतरंड असते ना, मोठं खाली, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान? तशाच या, पण दगडांच्या. पुरुषभर उंच, एका रांगेत सात. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि दरीच्या दहा पावलं अलीकडे या सात राखणदारणी! डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असं धुकं इथे पडतं. तेव्हा जव्हारहून येणारा गाडीवान उतरंडी उजव्या हाताला, अगदी हात लागेल इतक्या जवळ ठेवतो आणि बिनघोर घरी पोचतो.

मालूने मे महिन्यातही याच कातळावरून फोटो काढला होता. त्यात उतरंडींपाशी उभ्या असलेल्या चैतीच्या आजीला, धोंडीबाईला द्यायला त्याची छापील प्रत तिने आज आणली होती. तिने ती डोळ्यांसमोर धरली, मग उतरंडींकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.

"अगं चैती, हा उंबर चालायला लागला की काय?"

"आमची बकरी चालते. उंबर नाय चालत."

"मग हे बघ! फोटोत तिसऱ्या उतरंडीमागे उंबराचं खोड झाकलंय. आणि आता? खोड पूर्ण दिसतंय!"

पोश्याने फोटो हिसकावला. एक डोळा मिटून त्याने बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं. त्याची थट्टा एकदम थांबली.

"उंबर नाय हलला," तो म्हणाला. "उतरंड हलली!"

तिघं धावतच खाली उतरली. पहिल्या दोन उतरंडी जागच्या जागी होत्या. शेवटचीही होती. पण मधल्या चार? त्या थेट दरीच्या ओठावर उभ्या होत्या! चैती एकीजवळ वाकली आणि जीभ चावून मागे सरकली.

"मालू, यांची पोटं वर हायत!"

खरंच! जुन्या उतरंडींचे दगड वरून काळपट, शेवाळ वाळलेले होते. या चार उतरंडींचे दगड मात्र वरून फिकट होते, त्यांना माती चिकटलेली, वाळकी मुळं लोंबत असलेली. सगळे दगड उताणे!

"आमच्या पाड्यावरचं कुणीच असं रचणार नाय," चैती म्हणाली. "शेंबडं पोर बी नाय!"

"म्हणजे बाहेरच्याने रचल्या. पण का?"

उत्तर पायाखालीच होतं. उतरंडींच्या जुन्या जागा गवतात चार गोल टकलांसारख्या उघड्या पडल्या होत्या, आणि त्या टकलांवरून लॉरीच्या चाकांचे रुंद पट्टे गेले होते. नव्या रस्त्याची खडी टाकायला येणारी लॉरी! तिला वळायला जागा हवी होती!

"ए कारट्यांनो! दगडांना हात लावायचा नाही! सरकारी काम आहे!"

रस्त्याच्या कामावरचा मुकादम तंबूतून बाहेर आला होता. डोक्याला मफलर, हातात चहाची कपबशी.

"काका, या उतरंडी तुम्ही हलवल्यात?" मालूने सरळच विचारलं.

"दगडं ती दगडं! इथं असली काय नि तिथं असली काय! साहेब म्हणाले, गावकऱ्यांच्या खुणा राहू द्या. राहिल्या ना? सातच्या सात आहेत, मोज!"

"पण गाडीवान धुक्यात उतरंडीला चिकटून गाडी हाकतात! कडेची माती भुसभुशीत आहे, चाक खाली जाईल!"

मुकादमाने बशीतला चहा फुर्रकन ओढला. "मोठी आली इंजिनीयर! या पोरानेच हलवल्या असतील खेळता खेळता. साहेबांना तसंच सांगतो. चला, पळा!"

पोश्याचे कान लाल झाले. पण चैतीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "बा उद्या पहाटं जव्हारहून येतोय. चार गाड्या हायत. बाची सगळ्यांत पुढं."

*

"अण्णा, आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगा ना!"

संध्याकाळी मालूने अण्णांना सगळं एका दमात सांगितलं. अण्णा कंदिलाची काच पुसत होते. काच केव्हाच लख्ख झाली होती, तरी ते पुसतच राहिले.

"ओव्हरसियरसाहेब उद्या पाहणीला येणारच आहेत."

"ते दिवस वर आल्यावर येणार! आणि गाड्या येणार पहाटे!"

"मालू, आपण नव्या राज्यात नवे. माझ्या नोकरीचा कायमचा हुकूम अजून आलेला नाही. मुकादमाची वर ओळख आहे. नको त्या भानगडीत पडू नये."

अण्णा असं कधी बोलत नसत. आणि बोलताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

"मग मी आज चैतीकडे राहायला जाऊ?"

"जा," अण्णा चटकन म्हणाले. थोडं थांबून त्यांनी खुंटीवरची शाल काढून तिच्या हातात दिली. "पहाटे गारठा असतो. कडेला जाऊ नकोस."

पाड्यावर धोंडीबाईने सगळं ऐकून घेतलं, फोटो चुलीच्या उजेडात निरखला, आणि स्वतःलाच त्यात बघून आधी लाजली.

"ही डोकरी मीच का? अगं बया, तोंड केवढं सुकलंय!" मग ती गंभीर झाली. "बापये सगळे गाड्यांवर गेलेत. चार उतरंडी पुन्हा रचायच्या तर दिवस लागंल."

"मग काय करायचं, आजी?"

धोंडीबाईने चौघांवरून बोट फिरवलं. मालू, चैती, पोश्या आणि ती स्वतः.

"दगड रचायला दिवस लागतो. माणसाला उभं राहायला काय लागतं?"

"म्हणजे आपणच उतरंडी व्हायचं!" मालूने टाळीच वाजवली.

"मी सगळ्यांत मोठी उतरंड!" पोश्या म्हणाला.

"तू सगळ्यांत बोलकी उतरंड," चैती म्हणाली.

*

पहाटे धुकं असं पडलं होतं, की मालूला आपलीच पावलं दिसेनात. पण चैतीच्या अनवाणी तळव्यांना वाट पाठ होती. "गवत... गवत... गवत... गवत नाय! ही पहिली जागा. आजी, तू हितं!" अशी एकेक जागा तिने पायांनी हुडकली. चौघं चार टकलांवर उभी राहिली. कुणाला कुणी दिसत नव्हतं. म्हणून धोंडीबाईने गाणं धरलं आणि चौघांनी ते एकामागून एक झेललं:

"उतरंड बाई उतरंड, डोंगराच्या खांद्यावरी,
धुक्यात चुकलं लेकरू, तिच्या बोटाला धरून ये घरी..."

दुरून घुंगरं वाजली. खुळ खुळ, खुळ खुळ!

"आल्या!" पोश्या ओरडला.

"कोण गातंय रं तिथं?" धुक्यातून पोश्या-चैतीच्या बाचा, मंगळूचा आवाज आला. "आणि उतरंडी कुठं गेल्या? दोन लागल्या, पुढं सापडत नाय!"

"बा! उतरंड मीच हाय! आम्हांला उजव्या हाताला ठेव! आवाजाला धरून ये!"

"पोश्या? तू उतरंड कधी झालास?"

"मग सांगतो! आधी ये!"

घुंगरं जवळ आली. पहिली गाडी धोंडीबाईला घासून पुढे सरकली. आणि तेवढ्यात, भलत्याच बाजूला, एक पिवळा उजेड डुलत डुलत वर आला. मुकादम! गाण्याने त्याची झोप मोडली होती. कंदील उंच धरून तो कडेच्या उतरंडीपाशी उभा राहिला.

"ए गाडीवान! त्या पोरांचं काय ऐकतोस? उतरंड इथं आहे! उजेडाकडे ये!"

बैलांनी उजेड पाहिला. बैल उजेडाकडे वळले!

"नको, मंगळूकाका, नको! तिकडे दरी आहे!" मालू जिवाच्या आकांताने ओरडली. पण चाकांच्या खडखडाटात तिचा आवाज विरून गेला. धोंडीबाईचं गाणं मधेच तुटलं. गाडी पाच पावलं सरकली. सहा...

तेव्हा पोश्याने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी काही शीळ मारली, की धुकंच फाटावं! "पाखऱ्या! सरज्या! हिकडं! हिकडं रं माझ्या राजांनो!"

रोज ज्या शिळेवर पाणी प्यायचं, तीच ही शीळ. बैलांनी कान टवकारले, माना झटकल्या आणि कंदिलाकडे पाठ करून ते सरळ पोश्याकडे आले. मागच्या तिन्ही गाड्या त्यांच्या मागोमाग वळल्या.

"अरे, कुठं चाललात? मी इथं ओरडतोय ना!" मुकादमाने पाय आपटला.

एकच पाय. तेवढा पुरला. पायाखालची माती भसकन खचली आणि त्याच्या शेजारची उतरंड डोलली, कलली, गेली! खड... खड... खड... खाली कितीतरी वेळ आवाज येत राहिला. कंदीलही गेला. मुकादम मागच्या मागे गवतात पडला आणि चारी हातापायांवर रांगत रस्त्यावर आला. मफलर कुठल्या कुठे!

मंगळूने कासरा ओढून गाडी थांबवली. त्याने दरीकडे पाहिलं, मग धुक्यात उभ्या असलेल्या चार 'उतरंडींकडे' पाहिलं. तो उतरला आणि त्याने दोन्ही लेकरांना एकदमच कवेत घेतलं.

*

धुकं विरलं, तशी ओव्हरसियरसाहेबांची जीप आली. मागे कागदांची पिशवी घेऊन अण्णा बसले होते. मालूला उभं बघताच त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला.

मुकादम धावलाच. "साहेब, या पोराने खुणा हलवल्या! माझा जीव जाता जाता वाचला!"

"खोटं!" तिघं एकदम ओरडली.

मालूने फोटो पुढे केला. साहेब कातळावर चढले, फोटो धरला, उंबर बघितला. चैतीने त्यांना दगडांची पोटं दाखवली, आणि 'आमच्यातलं कुणी असं रचत नाय' हे इतक्या ठसक्यात सांगितलं, की साहेबांनी बूट मळतील याची फिकीर न करता गुडघा टेकून एक दगड स्वतः उलटून पाहिला. काळी पाठ खालीच होती.

"शाब्बास!" ते म्हणाले. "माझी माणसं साखळ्या टाकून रस्ता मोजतात, पण तुमच्यासारखी नजर एकालाही नाही. आजीबाई, आजच्या आज माझी माणसं या चारही उतरंडी परत रचतील. कशा रचायच्या, ते तुम्ही सांगायचं."

"सांगीन की! पण या मुकादमानं पहिला दगड उचलायचा!" धोंडीबाई म्हणाली आणि सगळे गाडीवान हसले.

"पण साहेब," मुकादम अजून हटेना, "फोटो मे महिन्यातला. त्यानंतर कुणी हलवल्या, ते फोटो कुठं सांगतो? मी हलवल्या, असं पाहिलं का कुणी? एक तरी मोठा माणूस दाखवा!"

साहेबांनी भोवती पाहिलं. गाडीवान तर गावातच नव्हते. पोश्याने मान खाली घातली. मुकादम ओठांतल्या ओठांत हसला.

अण्णा जीपमधून उतरले. कागदांची पिशवी त्यांनी सीटवर ठेवली, टोपी सारखी केली आणि ते चालत येऊन पोश्याच्या शेजारी उभे राहिले.  या वेळी ते मान वर करून बोलले.

"मी पाहिलं होतं, साहेब. गेल्या सोमवारी मी सायकलवरून येत होतो. मुकादम उभे राहून या उतरंडी हलवून घेत होते. मी विचारलं, तर म्हणाले, आपली नोकरी सांभाळा. मी घाबरलो आणि गप्प बसलो. काल संध्याकाळी माझ्या मुलीने सगळं सांगितलं, तेव्हाही गप्प बसलो. या पोराचा काहीच दोष नाही. हे सगळं मी लिहून देतो."