क्रमांक चार

शुक्रवारी दुपारी तीन वाजता टॉड मकेलाचं निम्मं लक्ष गोठलेल्या तळ्यावरच्या त्याच्या मासे धरायच्या खोपीत होतं. मिनेसोटाच्या उत्तरेला जानेवारीत दिवस लवकर मावळतो, सोमवारचीही सुट्टी होती, आणि गावाच्या कचेरीतलं एकच काम उरलं होतं. गावाने भाड्याने घेतलेला सर्व्हर भरत आला होता. त्यातले कुणीच वापरत नसलेले प्रोजेक्ट कायमचे काढून टाकायचे होते.

यादीत दहा प्रोजेक्ट होते, प्रत्येक आपापल्या कंटेनरमध्ये डब्यासारखा बंद. नऊ ओळखीचे. दहाव्याचं नाव नुसतंच ‘सकाळ’. महिनोन्‌महिने बाहेरून कुणी त्याच्याकडे फिरकलं नव्हतं.

हा सगळा संसार लॉइस ब्रँटने मांडलेला. ती ऑक्टोबरात वारली आणि तिची खुर्ची टॉडकडे आली. जाण्याआधी तिने एक नियम त्याच्याकडून घोकून घेतला होता, खोकत खोकत. “आधी नुसतं बंद कर. सात दिवस थांब. कोण ओरडतंय ते बघ. कुणीच ओरडलं नाही, तर काढ.”

टॉडने ‘सकाळ’ बंद केलं आणि दहाव्या मिनिटाला साठवलेल्या माहितीसकट काढून टाकलं. ‘हे परत आणता येणार नाही. नक्की?’ असं पडद्यावर आलं. त्याने हो म्हटलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मग सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिलं, ‘सात दिवस थांबलो. कुणी ओरडलं नाही.’ खोटं लिहिताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही. आमिषाचा डबा उचलून तो निघाला.

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, बर्फाला पाडलेल्या भोकाशी बसला असताना, फोनवर एक निरोप आला. ‘क्रमांक चार: उत्तर नाही.’ नंबर अनोळखी. कुणाचा तरी चुकून आला असेल म्हणून त्याने तो पुसून टाकला. रविवारी त्याच मिनिटाला तोच निरोप आला. सोमवारी पुन्हा आला, तेव्हा वैतागून त्याने तो नंबरच अडवून टाकला.

मंगळवारी सकाळी डेल निगार्ड कचेरीत आला. गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी तो चालवायचा. रोज आल्या आल्या टॉडची टर उडवायचा. आज टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

“म्हातारी इंगा गेली,” तो म्हणाला. “स्वयंपाकघरात पडली होती. खुबा मोडलेला. काल दुपारी शेजारणीने खिडकीतून पाहिलं.”

“कधी पडली?”

“शनिवारी पहाटे असेल म्हणतात. रविवारी रात्रीपर्यंत जिवंत होती, टॉड.” डेलने नाक पुसलं. “तुझ्या त्या सर्व्हरवरून लॉइसचा फोन जायचा ना रोज सकाळी आठला, एकट्या राहणाऱ्या अकरा जणांना. तिने भरून ठेवलेल्या तिच्याच आवाजात. ‘बरी असशील तर एक दाब.’ दहा मिनिटांत कुणी दाबलं नाही, की मला निरोप. मी गाडी घेऊन दारात. या वेळी मला निरोपच आला नाही.”

टॉडने खिशातला फोन चाचपला. आठ वाजून दहा मिनिटं…

“बंद… बंद पडलं असेल.”

“बंद कुठलं? बाकी दहाही जणांना रोज फोन आला, आत्ताच विचारून आलोय. माझ्या सासूला आज सकाळीही आला. म्हणाली, लॉइसचा खोकला मात्र फार वाढलाय.”

खोलीत कॉफी करपल्याचा वास भरला होता. टॉडने सर्व्हरची यादी उघडली. नऊ प्रोजेक्ट. ‘सकाळ’ची जागा रिकामी होती, साठवण रिकामी होती, कुठे काही चालू नव्हतं.

“डेल… इंगा त्या अकरा जणांत कितवी होती?”

“चौथी. का रे?”

टॉडला मान वर करवेना. बस चालवणाऱ्या इंगाने त्याच्या लहानपणी त्याला शाळेच्या बसमध्ये हातमोजे दिले होते, हे त्याला नेमकं आत्ता आठवलं. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. अंगावरची कातडी काढून ठेवावी असं वाटत होतं.

“तू हात नाही ना लावलास लॉइसच्या त्या फोनच्या यंत्रणेला?” डेलने हळूच विचारलं.

“काढलं… शुक्रवारी.”

“सात दिवस थांबून ना?”

त्याने पडदा डेलकडे वळवला, नोंदवही उघडून. आपलं खोटं वहीनेच बोलावं, इतका तो घाबरट निघाला.

डेलने चष्मा लावून वाचलं. बराच वेळ वाचत राहिला.

“हे खालचं कुणी लिहिलंय?”

“खाली काही नाही.”

“आहे की… लॉइसच्या नावाने.”

लॉइसचं खातं टॉडने स्वतः ऑक्टोबरात बंद केलं होतं. त्याने वाकून पाहिलं. त्याच्या ओळीखाली तीन ओळी होत्या.

शनिवार, आठ दहा: क्रमांक चार ओरडते आहे.

रविवार, आठ दहा: अजून ओरडते आहे. टॉडला कळवलं.

सोमवार, आठ दहा: आता कुणी ओरडत नाही.