सॅक्सोफोनवालीचा श्वास

तिनं दार लोटलं ते इतक्या जोरात की टेबलावरचे कागद उडाले.

"हे कोणी लिहिलंय?"

ऑर्केस्ट्राची नोटेशनं उतरवणारा कोणी तरी खडूस म्हातारा असेल, असं धरून ती भांडायला आली होती. टेबलामागे होता तो तिच्याच वयाचा, कानावर पेन्सिल अडकवलेला... आणि वर हसत होता! तिचा पारा आणखी चढला.

"मीच. काय चुकलं?"

"काय चुकलं? माझ्या सॅक्सोफोनसाठीच्या कॉन्चेर्टोचा संथ भाग बघा. सलग तीन ओळींवर एकच कमान! म्हणजे मधे न तोडता वाजवायचं. श्वास कुठे घेऊ मी, घरी जाऊन?"

त्यानं कागद पाहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी व्हायोलिनवाला हो... आमचं काय, गज फिरवला की झालं. श्वासाचं डोक्यातच आलं नाही."

"आणि कंडक्टर मला चारचौघांत सुनावतात, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर सोलो व्हायोलिनला देऊ! सहा वर्षं वाट पाहिलीय मी या कॉन्चेर्टोची. तुमच्या एका रेघेपायी जाऊ देऊ?"

दुसऱ्या दिवसापासून तो तालमीत शेवटच्या खुर्चीवर दिसू लागला. मांडीवर वही, आणि नजर... नजर थेट तिच्या ओठांवर.

"काय बघताय?" मधल्या सुट्टीत तिनं फटकारलं.

"श्वास कुठे लागतो ते."

"निर्लज्ज!" ती म्हणाली खरी, पण नंतर वाजवताना तिची बोटं दोनदा अडखळली. अडखळल्याचा राग वेगळाच.

शुक्रवारी संथ भाग सुरू झाला. दुसऱ्या ओळीत तिचा दम सरत आला... आणि अख्खा ऑर्केस्ट्रा क्षणभर थांबला. तिनं श्वास घेतला. सगळे पुन्हा निघाले.

कंडक्टरनं छडी आपटली. "साठ जणांच्या कागदांवर हा विराम कोणी घातला?"

"मी," तो मागून उठला. "चूक माझी होती. फक्त त्यांच्या कागदावर दुरुस्ती केली असती, तर तुम्ही पुन्हा त्यांनाच बोलला असता."

"सामान आवर आणि चालता हो!"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. "मग मीही चालले! चूक कबूल करणाऱ्याला हाकलताय? आधी कसं वाजलं ते तरी विचारा कोणाला!"

"छान वाजलं, साहेब," चेलोवाले आजोबा हळूच म्हणाले.

कंडक्टरनं बराच वेळ चष्मा पुसला. "पुन्हा घ्या. विरामासकट. आणि तू... बस खाली."

तालीम संपल्यावर तिनं त्याला जिन्यात गाठलं. "साठ कागद बदललेत, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो... पण त्याबरोबर आणखी एक सांगायचं होतं. तिथे धीर होईना."

"काय?"

"तू मला आवडतेस."

"मग आठवडाभर गप्प का बसलास? मी काय म्हणेन, तेही विचारावंसं वाटलं नाही?"

"काय... म्हणाली असतीस?"

"हो म्हणाले असते, मूर्खा!"

हे तिनं इतक्या संतापानं ओरडून सांगितलं की खाली उतरणारे दोघे ट्रम्पेटवाले जागीच थबकले.