फरशीखालची अळंबी

चाळणी मागायला मी जावेकडं गेले होते, बाकी काही काम नव्हतं. संगं नात होती, तनुजा.

जाव म्हणजे लीलाबाई, माझ्या धाकट्या दिराची, सर्जेरावची बायको. आमच्या मेंढरांचा माळ कंपन्यांच्या वसाहतीत गेला, तेव्हा सह्या ह्याच दिरानं केल्या आणि बिडकीनला बंगला उठवला. औंदा आषाढ सरत आला तरी थेंब नव्हता. गल्लीत टँकरमागं बाया पळत होत्या. आणि ह्यांच्या दारात पाऊल टाकलं, तर ओल्या मातीचा वास. गार, जुना वास.

तनुजा उंबऱ्यातच थबकली. रानातली खायची अळंबी कुठं कुठं उरली, त्याचा नकाशा करायचं तिचं काम. चिमूटभर माती नळीत भरून नेतात. वर काही उगवलेलं नसलं तरी तिथं कोणती अळंबी आहे, ते त्यांचं यंत्र मातीतून वाचतं. एका वारुळाची खूण दुसऱ्याला नसते म्हणे, माणसाच्या अंगठ्यासारखी. माळ सपाट व्हायच्या आधी तिथल्या वारुळांची मातीही तिनं नेली होती.

"आज्जी," ती हळू बोलली, "मागं मी ह्यांच्या अंगणातली माती नेली होती. ती... माळावरच्या बोराटीजवळच्या वारुळाची निघाली."



बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची. पोटची लेक बारशाआधीच गेली. आमच्यात एवढ्या लेकराला पुरतात, आणि आईनं संगं जायचं नसतं. सर्जेराव तेव्हा मिसरूड फुटलेला. त्यानंच तिला उचलून नेली. परत येऊन म्हणाला, "वयनी, बोराटीजवळच्या वारुळाशी ठिवली." त्या वारुळावर दर साली पांढरीशुभ्र अळंबी यायची. माळावरची बाकी अळंबी आम्ही खुडली, रांधली. तिथल्या अळंबीला आमच्या घरातल्या कुणी कधी हात लावला नाही.

आणि माळ मोजायला साहेब आले, तेव्हा हाच दीर त्यांना म्हणाला, इथं काही नाय, सपाट करा.

"लीलाबाई," मी म्हणाले, "घराच्या भरावाला माती कुठली टाकली गं?"

"माळावरचीच की. फुकटात ट्रॅक्टर लागले होते. आक्का, बसा ना, च्या ठिवते."

"भाऊजी कुठं हायत?"

तिनं पदर तोंडाला लावला. "आतल्या खोलीत फरशी उचलून अळंबी आली होती. लई दिसांनी दिसली म्हणून मी कालवण केलं. ह्यांनी दोनदा मागून घेतलं. तवापासून... बोलणंच नाय."

"कुठली हाय ते इचारलं नाय?"

"घरातली अळंबी, आक्का. तिला काय इचारायचं?"

मी आत गेले. भर दुपारी खोलीत अंधार होता. पलंगाखालच्या फरश्या फुगून वर आलेल्या, आणि फटीफटीतून पांढऱ्या टोप्या. पलंगावर सर्जेराव गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. सत्तरी ओलांडलेला बाप्या.

"भाऊजी, माझी लेक कुठं ठिवली?"

त्यानं तोंड उघडलं. आवाज बारीक आला. तान्ह्या लेकराचा. भुकेचं रडणं आईला वळखायला येतं, इतकी सालं झाली तरी येतं.

तनुजानं माझा दंड धरला. "आज्जी... चल इथून."

मी गेले नाही. त्याच्याकडं पाठ करून खाली बसले आणि फुगलेली फरशी थोपटत राहिले. मागं पलंगावर रडणं हळूहळू थांबलं.

उठले आणि लीलाबाईला सांगितलं, "फरशी फोडा. माती सगळी माझ्या पदरात घाला. मगच मी परत येईन."

तिच्या लेकांनी फरशी फोडली नाही. नवा बंगला हाय म्हणे. डॉक्टर आणले, देवऋषी आणला. मला फोन करतात, मोठी आई, या, थोपटा, बाबा झोपंना. मी कशाला जाऊ? एकदा तिला परक्या हाती दिली, आता त्यांच्या सोयीनं गप करायला जाऊ?

तिकडं तो रडायला लागला की फोन यायच्या आधीच मला कळतं. पन्नाशीतच माझं सगळं आटलं होतं, आता तर मी पंचाहत्तरीला आले. तरी चोळी पुढून ओली होते, आणि वास दुधाचा येतो.