विझवंतीची शेवटची चौकट

या, असं पुढं सरकून बसा. कीर्तनात मागं बसणाऱ्याला टाळ ऐकू येतात, शब्द मात्र निसटतात. आणि या गोष्टीत शब्द निसटून चालायचं नाही. गोष्ट आपल्याच शहरातली आहे, ताजीच आहे. कानावर आली तशी सांगतो, पदरचं काही घालत नाही.

क्रांती चौकातून आत वळलं की एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, एक लहानसं प्रकाशन आहे. प्रेरणा तिथं कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायची. मालकाला सगळे साहेब म्हणत. साहेबांची सारी पुण्याई एका बाईवर उभी होती, आणि ती बाई कागदाची होती. विझवंती.

एकेकाळी एसटी स्टँडवर दोरीला टांगलेली तिची चित्रपुस्तकं पोरं दप्तरात लपवून वाचायची. हिरवं लुगडं, मोकळे केस, कपाळावर काजळाचं बोट. ऐन दिवेलागणीला ती दारात यायची आणि दिवा विझायचा. ज्यानं कुणाचं लुबाडलं असेल त्याच्या कानाशी वाकून ती त्याचं नाव एकदाच घ्यायची. बस, एवढंच. रक्त नाही, किंकाळी नाही. सकाळी त्याची बायको त्याला हाक मारायला तोंड उघडायची आणि नाव सापडायचं नाही. कुणालाच नाही. त्याचं त्यालाही नाही.

मुखपृष्ठावर ‘कथा आणि चित्रं’ असं लिहून खाली साहेबांचं नाव असे. आता त्या सगळ्या गोष्टींचा एक जाडजूड ग्रंथ निघत होता, आणि त्याचं काम प्रेरणाकडे होतं.

प्रेरणाला मात्र ठाऊक होतं, विझवंती कुणाची ते. ती तिच्या मावशीची होती. पाचोडच्या सारजाबाईची.

सारजाबाई तरुणपणी चुलीतल्या कोळशानं भिंतीवर चित्रं काढायची. साहेब तेव्हा बाजाराच्या दिवशी पाचोडला पुस्तकं विकायला येत. त्यांनी ती भिंत पाहिली आणि पुढच्या खेपेला कागद, दौत, ब्रश घेऊन आले. सारजाबाई गोष्ट रचायची, चित्रं काढायची, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक लहान चौकट ठेवायची. तीत विझवंती पाठमोरी उभी, आणि खाली ‘सारजा म्हणे’ असं लिहून एक ओळ.

तुम्ही-आम्ही कीर्तनाला बसणारी माणसं. वेगळं सांगायला नको. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा येते. ती आली की अभंग पुरा झाला. पाचोडच्या सप्ताहात एकदा एका बुवांनी घाईत मुद्रेचं चरण गाळलं, तर म्हातारी माणसं प्रसाद न घेता तशीच बसून राहिली. बुवांना चप्पल काढून परत मांडवात यावं लागलं. सारजाबाई त्याच मांडवात वाढलेली. तिला वाटायचं, गोष्टही अशीच पुरी होते.

साहेब ती चौकट कात्रीनं कापून टाकायचे. जागा पुरत नाही म्हणायचे. तिनं हट्ट धरला तेव्हा त्यांनी पाचोडला येणंच सोडलं. तेव्हापासून मावशीनं त्यांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. म्हणायची, ‘त्यो’.

पुस्तक छापायला जायच्या आदल्या दिवशी प्रेरणानं धीर केला.

“साहेब, आतल्या पानावर सारजाबाईंचं नाव टाकू या ना. बारीक अक्षरात का होईना.”

साहेब बशीत चहा ओतत होते. “कोण सारजाबाई?”

“पाचोडच्या. माझी सख्खी मावशी आहे. लई थकलीय. डोळे मिटायच्या आधी एकदा बघायचंय तिला.”

साहेबांनी बशी खाली ठेवली. “अस्सं. म्हणजे पोचलीस तू बरोबर जागी.” मग हसले. “अगं, भिंतीवर कोळसा फासायची ती. भिंतीला कधी नाव असतं का? नाव घराला असतं, मालकाचं. तिला एक साडी घेऊन जा माझ्याकडून. पैठणी नको, पण बरी बघ.”

मावशी आता थकल्यामुळं प्रेरणाकडेच राहायची. प्रेरणा पुंडलिकनगरात घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. देवापुढं निरांजन लावलेलं, आणि मावशी बाजेवर पडून मोबाईलवर कीर्तन ऐकत होती.

“काय म्हनला त्यो?”

“नाय म्हणला, मावशी.”

“साडी दितो म्हनला आसंल.”

प्रेरणानं खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवली.

“तवाबी तेच म्हनला व्हता.” मावशीनं कीर्तन बंद केलं. “कागद आन.”

जिच्या हातात चहाचा कप ठरत नव्हता, तिनं निरांजनावरची काजळी बोटावर घेतली आणि एका दमात चौकट काढली. पाठमोरी विझवंती. खाली लिहिलं, ‘सारजा म्हणे’, आणि बोट थांबलं.

“पुढं काय लिहायचं?” प्रेरणानं विचारलं.

“पुढचं ती म्हनंल.”

आणि मग मावशीनं साहेबांचं नाव घेतलं. पुरं, आडनावासकट, अगदी हळू, जसं लेकराला झोपेतून उठवावं तसं.

निरांजन विझलं. खिडक्या लावलेल्या होत्या, पंखा बंद होता.

“लाव परत,” मावशी म्हणाली. “देवाला अंधारात ठिवू नाय.”

तो कागद प्रेरणानं देवघराच्या खणात घडी करून ठेवला. ऑफिसात नेला नाही. नोकरी होती शेवटी.

सकाळी तिनं कॉम्प्युटर उघडला, तर पहिल्याच गोष्टीत विझवंतीचा चेहरा जरा वळलेला वाटला. डोळे शिणले असतील, असं म्हणून तिनं कपाटातली मूळ चित्रं काढली. त्यांतही वळलेला. दुसऱ्या गोष्टीत नुसता गाल दिसत होता. तिसऱ्या गोष्टीपासून पुढं सगळीकडे पाठ.

मुखपृष्ठाची प्रिंट काढली, तर साहेबांचं नाव पुसट उमटलं. शाई कमी पडली असेल. तिनं परत काढलं. आणखी पुसट.

दुपारी साहेब फोनवर बोलत होते. “हॅलो, मी बोलतोय. मी...” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

पुस्तकांचे गठ्ठे आले त्या दिवशी प्रेरणानं वरची प्रत उघडली. ‘कथा आणि चित्रं’ याच्या खाली कोरा कागद होता. शेवटच्या पानावर एक चौकट होती, जी तिनं लावलेली नव्हती. काजळीची. पाठमोरी.

साहेब दारात उभे होते. चेहरा घामानं डबडबलेला.

“प्रेरणा, तू मला काय म्हणतेस?”

“साहेब.”

“ते नाही गं. नाव. माझं नाव.”

तिनं तोंड उघडलं. रोज पाहिलेलं, शेकडो पानांवर लावलेलं नाव. जिभेवर काही आलं नाही.

त्यांनी पाकिटातून आधार कार्ड काढून तिच्यापुढं धरलं. फोटो त्यांचाच होता. शेजारी अक्षरंही होती.

तिची नजर त्यांवर ठरेना.

“वाच,” ते म्हणाले. मग हळूच, “वाच ना, बाई.”

संध्याकाळी तिनं पुस्तक मावशीच्या मांडीवर ठेवलं. मावशीनं शेवटचं पान काढून चौकटीवरून बोट फिरवलं. ‘सारजा म्हणे’च्या पुढं आता ओळ होती.

‘माझं मला पोचलं. त्याचं मी ठेवलं.’

“पुरी झाली,” मावशी म्हणाली, आणि पुस्तक उशाशी घेऊन निजली. त्याच कार्तिकात ती गेली. देव क्षमा करतो, हे आपण रोज ऐकतो, आणि ते खरंच आहे. पण विझवंती देव नव्हती.

साहेब अजून आहेत. त्या गल्लीच्या तोंडाशी बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, ओळखलं का मला. माणसं मान हलवतात. ओळखतात सगळेच.

मी सबंध गोष्टीत त्यांना साहेबच म्हटलं, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. नाव लपवलेलं नाही. त्यांच्याकडून मीच कितीदा पुस्तकं घेतली आहेत, पावतीवर त्यांची सही पाहिली आहे.

तेव्हा जाता जाता एवढं करा. सारजाबाईचं नाव घ्या. पाचोडची सारजाबाई. मनात नको, मोठ्यानं घ्या. आणि घेऊन झालं की, उगीच आपली खात्री म्हणून, स्वतःचंही एकदा म्हणून बघा.