एका पत्र्याचं पात्र

शलमोन तांबटाच्या दुकानात मी शिरले ती तारेच्या तुकड्यासाठी, आणि बाहेर पडले तेव्हा भट्टीतल्या ठिणगीनं माझ्या पदराला भोक पाडलं होतं. काळजाला पडलेलं त्याहून मोठं होतं, पण ते तेव्हा कुणाला दाखवलं नाही.

सन त्रेचाळीस. गाव सोनई. मी लिडिया, पुण्याहून इंटर सायन्स करून आलेली, मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. आणि शलमोन... तो ठोकायला लागला की शेजारच्या कोंबड्या त्याच ठेक्यात दाणे टिपायच्या. शपथेवर सांगते.

“तार कशाला, बाई? कुनाला बांधून घालायचं हाय?”

“मुलींना दाखवायचंय, तांबं वाकतं पण मोडत का नाही ते.”

“माझं ऐकतं म्हनून!”

मी हसू दाबलं. त्याच्या भाकरीच्या फडक्यातला खडेमिठाचा एक खडा उचलून ऐरणीवर ठेवला. “हा ठोका. बघू तुमचं ऐकतो का.”

एक घाव. चुरा!

“मिठात धन आणि ऋण कणांनी कुणी कुणाशेजारी बसायचं ते ठरलेलं असतं,” मी म्हटलं. “रांग जरा सरकली की सारख्यासमोर सारखा येतो, दोघं एकमेकांना ढकलतात, खडा फुटतो. तांब्यात प्रत्येक अणू आपला एखादा इलेक्ट्रॉन सगळ्यांत सोडून देतो. ते इलेक्ट्रॉन कुणा एकाचे नसतात. सगळीकडे फिरतात आणि सगळ्यांना धरून ठेवतात. रांग सरकली तरी धरणारे तिथं आहेतच. म्हणून पत्रा पसरतो. तारेतून वीज धावते ती त्यांच्याच पायांनी, आणि ही चमक... तीही त्यांचीच.”

तो चमक बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

“म्हंजी कुनी कुनाचा न्हाई, आन तरी सोडत न्हाईत? मग तुमच्या तांब्यात लग्नं हुत न्हाईत म्हना!”

“तार द्या,” मी म्हटलं. कान तापले होते.

पुढच्या दोन महिन्यांत आमच्या शाळेला इतकी तार लागली, की सोनईहून नगरपर्यंत ताणून वर वेटोळं उरलं असतं.

माझे वडील, दानीएल मास्तर, शाळेचे हेडमास्तर. शलमोन मागणी घालायला आला तेव्हा त्यांनी माझ्यासाठी नगरचा एक कारकून पाहून ठेवला होता. त्यांनी चष्मा पुसला.

“लढाईपायी तांबं मिळत नाही. देवळासाठी हा एकच पत्रा राखलाय. याचं बाप्तिस्म्याचं पात्र घडव. जोड नको. शनिवारी सांजेची घंटा व्हायच्या आत, एकट्यानं. भातासुद्धा दुसऱ्यानं ओढायचा नाही. मदत झाली की अट मोडली. पत्रा तडकला तर लिडिया नगरला जाईल.”

शनिवारी अर्धं गाव दुकानासमोर. वडील खुर्चीवर. मी शेजारच्या छबूबाईच्या मागे, तोंडावर पदर.

ठोकून ठोकून तांबं कडक होतं. आतल्या रांगा सरकता सरकता एकमेकींत गुंततात, मग सरकायला वाव राहत नाही. तापवलं की गुंता सुटतो, तांबं पुन्हा मऊ. शलमोनला पुस्तकाशिवाय हे ठाऊक होतं. पण दर खेपेला धावत भट्टीकडे जायचं, स्वतःच भाता ओढायचा... वेळ जात होता. सूर्य देवळाच्या छपराला टेकला. त्यानं एकदा घंटेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे... आणि एक ताव वाचवला, पत्रा न तापवताच ठोकत राहिला.

आवाज बदलला. मघाशी ढब् ढब् येत होता, आता टण्... टण्...

“अगं, अशी पांढरी का पडलीस?” छबूबाई कुजबुजली.

काठ वळत नव्हता, आणि तो जोर वाढवत होता. टण्! मी ओठ चावला. बोलले तर अट जाणार, गप्प राहिले तर पत्रा जाणार. टण्! हातोडा पुन्हा वर गेला—

“शलमोन, थांबा!”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या काळी बाई चारचौघांत पुरुषाचं नाव घ्यायची नाही. ज्याच्याशी लग्न करायचं त्याचं तर मुळीच नाही. मी ते गावभर ऐकू जाईल असं घेतलं होतं.

हातोडा हवेतच राहिला. त्यानं काठावरून नख फिरवलं. “तडा न्हाई अजून. पन चार घावांत गेलं असतं.”

वडील उठले. “मदत झाली. अट मोडली.”

“मोडली, मास्तर.” त्यानं हातोडा खाली ठेवला. “बोलवा कारकुनाला. पन भांडं देवळाचं हाय, हे मी तडकू देनार न्हाई. पुरं करतो, मग जातो.”

त्यानं पात्र निखाऱ्यांवर ठेवलं आणि भात्याकडे वळला. तोवर वडिलांनी कोट काढून माझ्या हातात दिला होता... आणि भाता धरला होता.

“मास्तर, तुमी? आट...”

“आधीच मोडलीय ना? मग बोलू नकोस, घंटा होईल!”

पात्र लालभडक झालं. पाण्यात बुडवलं— चर्र! पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं मात्र मऊच राहतं. पुन्हा ढब् ढब् सुरू झालं. काठ वळला, लोण्यासारखा. शेवटचा घाव आणि घंटेचा पहिला टोला एकदमच पडले. कोणता आधी, यावर सोनईत अजून भांडणं होतात.

वडिलांनी पात्र पाण्यानं भरलं, रुमाल तळाखालून फिरवला. कोरडा.

“पात्र देवळात ठेवा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “आणि याच्या हाताला कुणीतरी लोणी लावा. कुणी लावायचं ते मी सांगायला नको.”

फोड आलेले, काजळी माखलेले ते तळवे मी हातात घेतले. गावादेखत.

“काळं लागंल की... लिडिया.”

“लागू दे,” मी म्हटलं.