एकशे चाळीस ठोके

सरिता चिखल्याला बसमधून उतरली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली केसची वही. आपल्या हातानं केलेलं प्रत्येक बाळंतपण त्या वहीत लिहायचं आणि खाली शिकवणाऱ्या मॅडमची सही घ्यायची. सगळी वही भरली होती, एकच पान कोरं होतं. आज ते भरलं की आठ दिवसांनी परीक्षा, आणि परीक्षेनंतर डॉक्टरावाचून स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करायचा हक्क. नाही भरलं तर सहा महिने घरी.

पोरगी एकोडीची. बाप लवकर गेला, माय वच्छलानं दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी करून शिकवली. आधी नर्सिंगचं एएनएम, मग जीएनएम, मग नोकरी करता करता पदवी, आणि आता हे नवीन प्रॅक्टिशनरचं शिक्षण. शिकलं म्हणजे माणूस चांगलं होते असं काही नाही, पण पोरीनं हाडाची काडं केली होती हे कोणालाही कबूल करावं लागेल.

आता, भुताला काळोख लागतो म्हणणारे लोक बिनकामाचे. धान कापणीच्या दिवसांत भर दुपारी गाव कसं होते ते बघा एकदा. सारी माणसं बांधीत. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आरोग्य केंद्राच्या पायऱ्यांवर मँगनीजची काळी धूळ, आत फिनाईलचा वास, आणि खाणीचा भोंगा वाजून थांबला की आधीपेक्षा जास्त सुनसान. डॉक्टर शिबिराला आंबागडला गेले होते. केंद्रात होती ती फक्त आया गोदावरीबाई.

"काहून वो बाई, एवढा टाइम? इकडं तुमचं शेवटचं पान कळा देऊन राहिलं!"

सरिता हसली. आत खाटेवर रिता होती, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा प्रितम खाणीत शिफ्टवर. सरितानं हात धुतले, तपासलं, धीर दिला. बाळाचे ठोके ऐकायचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून जुनी लाकडी नळी काढली. एक तोंड पोटावर, दुसरं कानाला. घड्याळाकडं बघत पूर्ण एक मिनिट मोजलं.

एकशे चाळीस. छान.

तक्त्यावर ठिपका दिला. कळा सुरू झाल्या की दर अर्ध्या तासानं ठोके ऐकायचे आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा, हा नियमच आहे. दोन वाजता ऐकलं, एकशे चाळीस. अडीचला एकशे चाळीस. तीनला एकशे चाळीस. रिता कण्हत होती, घामानं भिजली होती, पण ठोके मात्र घड्याळ लावल्यासारखे. सरिताला बरं वाटलं. पाचला सुलोचना मॅडम येणार होत्या सहीला. तोवर होईल सगळं.

गोदावरीबाई चहा घेऊन आली, तक्त्यात डोकावली आणि म्हणाली, "बाई, पट्टी धरून काढले का हे? धानाची रोवणी तरी इतकी सरळ होत नाही."

सरितानं तक्त्याकडं बघितलं. चहाचा कप तिच्या हातात तसाच राहिला.

बाळाचा ठोका कधी सरळ रांगेत चालत नाही. कळ आली की उतरते, पाय मारला की चढते. एकशे तीस, एकशे अठ्ठेचाळीस, एकशे छत्तीस, असं वरखाली होत राहते. सरळ रांग दिसली की समजायचं, नर्स ऐकत नव्हती, बसल्या जागी ठिपके देत होती. हे नर्सिंगच्या शाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात.

आणि ही रांग सरिताच्या ओळखीची होती.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. जीएनएमचं दुसरं वर्ष, दुसऱ्या दिवशी पेपर. लेबर रूममध्ये सीताबाई नावाची बाई होती, आंबागडची. लग्नाला अकरा वर्षं होऊन पहिल्यांदा पोटुशी राहिलेली. सरिताला तिच्याजवळ बसवलं होतं. सरिता बसली, पण पुस्तक घेऊन. आणि मध्येच कोणी बघायला आलं तर असावं म्हणून तीन तासांचे ठिपके एकदमच देऊन टाकले. सहा ठिपके, सगळे एकशे चाळीस. बदलून बदलून लिहायचीसुद्धा अक्कल झाली नाही. सगळ्याच पोरी असं करत होत्या, असं नंतर ती स्वतःला सांगायची. करत असतील. पण सीताबाईचं लेकरू निळं जन्मलं. पोटातच केव्हाचं थांबलं होतं. तक्ता चांगला होता, म्हणून कोणी काही विचारलं नाही. ती केस सरिताच्या तेव्हाच्या वहीत धरली गेली, सहीसकट.

जाताना सीताबाईनं तेवढं विचारलं होतं, अगदी हळू. "बाई, तुमी खरंच आयकून राहिल्या होत्या ना?"

"हो," सरिता म्हणाली होती.

पुढं त्या बाईचं काय झालं, हे सरितानं कधी कोणाला विचारलं नाही.

साडेतीन झाले. सरितानं नळी उचलली. साडीला पुसली. कान लावला. एकशे चाळीस. स्वच्छ, जवळून, जणू कोणी कानाशी तोंड आणून मोजून दाखवत होतं... तिनं जागा बदलली, डावीकडून खाली. एकशे चाळीस. पोटाच्या अगदी वरच्या टोकाला, जिथं बाळाचा ठोका ऐकू येऊच शकत नाही, तिथंही एकशे चाळीस.

रिताचं कण्हणं अचानक थांबलं. खोलीत फिनाईलचा वास होता, त्यात ओल्या मातीसारखा दुसरा काहीतरी वास मिसळला. रितानं डोळे मिटूनच विचारलं, अगदी हळू.

"बाई... तुमी खरंच आयकून राहिल्या ना?"

सरितानं नळी कानावरून काढली. "काय म्हणालीस तू?"

रितानं डोळे उघडले. "मी? मी कुठं बोललो, बाई?"

"गोदावरीबाई!" सरिता ओरडली. "इकडं या. हे कानाले लावा."

"मले काय समजते त्यातलं, बापा?"

"तीस वर्षं या खोलीत काढली तुमी. लावा. काय आयकू येते ते सांगा फक्त."

गोदावरीबाईनं नळीला कान लावला. आधी तिचा चेहरा थट्टेचाच होता. मग तो उतरत गेला. बोटानं खाटेच्या लोखंडावर ती ताल देऊ लागली. टक... टक... मग बराच वेळ काही नाही. टक...

"बाई, हे तं थांबून थांबून चालून राहिलं," ती पुटपुटली.

सरितानं नळी हिसकून पुन्हा कानाला लावली. एकशे चाळीस.

मग मात्र तिनं वेळ घालवला नाही. रिताला डाव्या कुशीवर वळवलं, ॲम्बुलन्ससाठी एकशे आठला फोन लावला, आणि तो ठेवल्यावर सुलोचना मॅडमला, रिताला तुमसरला पाठवते हे सांगायला.

"अगं, मी तुमसरहून निघालेच आहे," मॅडम म्हणाल्या. "पाठवलेली केस तुझी धरता येणार नाही, माहीत आहे ना? ठोके कसे आहेत?"

"मले तं चांगले आयकू येतात. एकशे चाळीस."

"मग कशाला पाठवतेस?"

"म्हणूनच, मॅडम."

मग मॅडम म्हणाल्या, "पाठव."

तुमसरच्या दवाखान्यात पोट चिरून बाळ काढलं. नाळेचे दोन वेढे होते गळ्याभोवती. मुलगी उशिरा रडली, पण रडली. पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर रडली नसती, असं तिथल्या डॉक्टरांनी प्रितमला सांगितलं. प्रितमनं फोनवर सरिताचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

पान मात्र कोरंच राहिलं. ॲम्बुलन्स गेल्यावर सरिता त्या रिकाम्या खाटेजवळ उभी होती. तिनं नळी गादीवर टेकवली आणि वाकून कान लावला. कशाला लावला, हे तिचं तिलाच ठाऊक. मिनिटभर मोजलं. नळी काढून ठेवली.

सहा महिन्यांनी ती परीक्षेला बसली, पास झाली. आता तिच्या नावाची पाटी आहे, हाताखाली चार पोरी आहेत. त्यांना ती पहिल्या दिवशीच सांगते की ठिपका आधी दिला तर घरी जायचं. ठोके मात्र ती कधी एकटी ऐकत नाही. आधी एका पोरीला ऐकायला लावते, मग दुसरीला, आणि दोघींचा आकडा जुळला की लिहिते. लोक म्हणतात, बाई फार जपून काम करते.

परवा एकोडीला गेली होती. माय वच्छला अंगणात खाटेवर पडली होती. साठी उलटलेली, दात पडलेले, जीभ मात्र शाबूत. लेकीच्या पिशवीतून नळीचं टोक बाहेर दिसलं.

"एवढी शिकली, पण मायच्या पोटाले कधी नळी लावली नाही! लाव बरं. तुले काय शिकवलं ते समजू दे मले."

"माय, कायले गंमत करून राहिली?"

"लाव म्हणतो ना."

सरितानं हसत हसत नळी टेकवली, कान लावला. हसू जिथं होतं तिथंच राहिलं. ती तशीच वाकून ओठांतल्या ओठांत मोजत राहिली, थेट एकशे चाळीसपर्यंत.

"काय आयकू येते वं?" वच्छलानं विचारलं.

"काही नाही," सरिता म्हणाली.

वच्छलानं लुगड्यावरून पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "मंग हे काय हालून राहिलं?"